कुणाचाच नोकर नसलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी

भारताच्या कामगार कायद्यांत दोन आकड्यांना फार वजन आहे: १० आणि २०. तुम्ही काम करता तिथे एकूण किती माणसं आहेत, यावरून तुमच्या आजारपणाचं, बाळंतपणाचं आणि म्हातारपणाचं काय होणार हे बरंचसं ठरतं. ग्रॅच्युइटीचा १९७२चा कायदा १० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या दुकानांना आणि कंपन्यांना लागू झाला. बोनसचा १९६५चा कायदा साधारणपणे २० माणसांपासून. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ साली आला तेव्हा ५० माणसांच्या कारखान्यापासून लागू होता, १९६० साली ती मर्यादा २०वर आली. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, सुरुवातीला यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि २० कामगार असलेल्या कारखान्यांपुरता होता. आज तो साधारण १० पासून लागतो.

आमची कंपनी नऊ जणांची आहे. ग्रॅच्युइटी लागू नाही, पीएफची सक्ती नाही आणि पगार महिना २१,००० रुपयांच्या वर असल्यामुळे ईएसआयचा प्रश्नच येत नाही. आरोग्य विम्याची चौकशी एकदा झाली होती. दोघांच्या आईवडिलांना मधुमेह, एकीचं नुकतंच लग्न झालेलं. एजंटने सांगितलेला हप्ता ऐकून आमचा फाउंडर म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." त्याची दानत वाईट नाही. नऊ जणांत ते गणित बसत नाही, एवढंच.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, मुंबईच्या दाणा बंदरात हमाली करायचे. पाटण तालुक्यातून आलेले, चौथी शिकलेले. त्यांना आयुष्यात कायमचा असा मालक नव्हता. तरी त्यांचा पीएफ कापला जायचा, दिवाळीला बोनस मिळायचा, भरपगारी सुट्टी होती, दवाखाना होता आणि काम सोडताना ग्रॅच्युइटी मिळाली. इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्या त्यांच्या नातवाला यातलं काहीच नाही. हे असं उलटं कसं झालं, ते शोधायला गेलो तेव्हा महाराष्ट्रातल्या एका कायद्यापाशी येऊन पोचलो. आमच्या पिढीतल्या फार थोड्यांना तो माहीत असेल.

नऊ जणांचं गणित

आधी हे गणित का बसत नाही ते बघू. समजा एका मोठ्या ऑपरेशनला पाच लाख रुपये लागतात आणि वर्षभरात शंभरातल्या एकाला त्याची गरज पडते. दहा हजार माणसं एकत्र असतील तर वर्षाला साधारण शंभर ऑपरेशनं होतील. माणशी पाच हजार रुपये गोळा केले की खर्च निघतो आणि दरवर्षी हा आकडा फारसा हलत नाही. नऊ माणसांत बहुतेक वर्षी एकही ऑपरेशन होणार नाही. पण ज्या वर्षी एक होईल, त्या वर्षी माणशी ५५,००० रुपयांहून जास्त लागतील. सरासरी दोन्हीकडे तीच. पण सरासरीने कुणाचं हॉस्पिटलचं बिल भरलं जात नाही.

म्हणजे लहान धंद्याची अडचण दोन पदरी आहे. त्याच्याकडे पैसा कमी असतो हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्याकडे माणसं कमी असतात. मालक उदार झाला तरी माणसं वाढत नाहीत. त्यामुळे 'लहान धंद्याला सवलती परवडत नाहीत' या वाक्यात एक गोष्ट आपण न तपासता धरून चालतो: प्रत्येक धंद्याने आपापल्या सवलती एकट्याने द्यायच्या. हे असंच असायला हवं, असं कुणी ठरवलं?

एकट्या मालकावर भार

ठरवलं ते शंभर वर्षांपूर्वी. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली आला. कामावर हात गेला, पाय गेला तर मालकाने भरपाई द्यायची. तत्त्व सरळ होतं: ज्याच्या कामावर इजा झाली त्याने भरावं. कापड गिरणीला ते झेपत होतं. चार माणसांच्या वर्कशॉपवाल्याकडे भरपाईचे पैसे नसतील तर कायदा असूनही कामगाराच्या हाती काही लागत नसे.

यातली दुसरी अडचण बाळंतपणाच्या रजेत दिसते. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणी आणि कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणात पगार देण्याचं विधेयक चर्चेला आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला त्या काळात विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, पण मालकालाही अगदी मोकळं सोडू नये, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला तेव्हा भार कारखानदारावरच आला. आता विचार करा, ज्याला बाळंतपणाचा पगार एकट्याच्या खिशातून द्यायचा आहे, तो बाईला कामावर घेतानाच दहादा विचार करणार. सवलत ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच ती दाराबाहेर ठेवते. २०१७ साली ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, तेव्हा दहा-पंधरा माणसांच्या कंपन्यांपुढे हाच पेच पुन्हा उभा राहिला, कारण ईएसआयबाहेरच्या कंपनीत तो सगळा पगार आजही मालकच देतो.

यातून बाहेर पडायचा रस्ता एकत्र फंडाचा. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे देण्यात आलं. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८चा ईएसआय कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. मालक आणि कामगार दोघांनी पगाराचा ठरावीक हिस्सा भरायचा, आजारपण आणि बाळंतपण फंडातून. बाई कामावर घेतली म्हणून एकट्या मालकाला भुर्दंड नाही. आज मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. २०,००० पगारावर दोघांचे मिळून महिन्याला ८०० रुपये.

गणित अचूक होतं. पण कायदा मोजत होता कारखान्याच्या फाटकातून आत जाणारी माणसं. ज्यांच्या कामाला फाटकच नव्हतं, त्यांचं काय?

दाणा बंदर

मस्जिद बंदर, दाणा बंदर, चिंच बंदर, भात बाजार. अख्ख्या मुंबईचं धान्य, मसाले, गूळ, साखर इथल्या गाळ्यांतून जायचं. गाळा एका व्यापाऱ्याचा, आत एक मुनीम आणि दोन-तीन माणसं. बाहेर ट्रक लागला की टोळी यायची. पोतं तेव्हा क्विंटलचं असायचं. ते माथ्यावर किंवा पाठीवर घ्यायचं, म्हणून नाव माथाडी. मजुरी पोत्यावर. दिवसभराचे पैसे टोळीत वाटले जायचे आणि मुकादम आपला हिस्सा आधी काढून घ्यायचा.

आबांना मी एकदा विचारलं, "तुमचा मालक कोण होता?"

"मालक कुठला रं? सकाळी एकाचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. कधी कधी दिवसभर कुणाचाच न्हाई."

कायद्याच्या भाषेत हीच अडचण होती. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही, दहा पोती उतरवून गेला. मुकादम म्हणे, मी पण हमालच. शंभर व्यापाऱ्यांचा माल उचललेला माणूस पडला तर त्या शंभरातला एकही त्याला ओळखत नसे. घाटावरून आलेले हे लोक गावकीच्या खोल्यांत राहायचे. एका खोलीत गावची पंचवीस-तीस माणसं, पाळीपाळीने झोपायची. कुणाचा मणका गेला, कुणी दगावलं तर खोलीतच वर्गणी निघायची आणि माणूस किंवा त्याचं सामान गावी पोचवलं जायचं. विमा म्हणायचा तर तोच, पंचवीस जणांचा. आणि सगळे एकच काम करणारे, एकाच गावचे. दुष्काळ पडला किंवा बाजार बंद राहिला की सगळ्यांचा खिसा एकदमच रिकामा.

शोध

उत्तराचा एक नमुना त्याच किनाऱ्यावर, थोडं पुढे, गोदीत तयार होता. जहाज येईल तसं काम, जहाज नाही तर उपास, अशी गोदी कामगारांची स्थिती होती. १९४८च्या गोदी कामगार कायद्याने नोंदणीची आणि मंडळाची कल्पना आणली आणि त्यानुसार मुंबईत गोदी कामगार मंडळ उभं राहिलं. कामगार कुठल्याही एका कंपनीचा नसून मंडळाच्या नोंदीवरचा.

बाजारातल्या हमालांना १९६०च्या दशकात अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलं. तेही पाटण तालुक्यातलेच, मुंबईत स्वतः अंगमेहनत केलेले. संप झाले, मोर्चे झाले, मारामाऱ्याही झाल्या. शेवटी वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ साली, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा मंजूर झाला. या कायद्यात 'असंरक्षित कामगार' असा शब्द आहे. बाकीचे कायदे ज्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, तो हा माणूस.

मला हा कायदा वाचताना एखादी चांगली सिस्टिम डिझाइन वाचल्यासारखं वाटलं. त्यातल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली, नोंदणी कामगाराची. किराणा बाजार, कापड बाजार, लोखंड-पोलाद, भाजीपाला, रेल्वे मालधक्का अशा एकेका धंद्यासाठी मंडळ. कामगार मंडळाकडे नोंदलेला, व्यापारीही मंडळाकडे नोंदलेला. व्यापारी बदलला, टोळी बदलली तरी कामगाराचं खातं तेच राहतं.

दुसरी, लेव्ही. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, दोन्ही मंडळात भरायची. मंडळ मजुरी कामगाराला देतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्ट्या, औषधोपचार, अपघाताची भरपाई हे सगळं चालवतं. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा, कित्येक ठिकाणी तो मजुरीच्या ३० टक्क्यांच्या वर जातो. पण भरायचं किती, तर जेवढं काम करून घेतलं तेवढ्यावरच. महिन्याला वीस पोती उतरवणारा व्यापारी वीस पोत्यांपुरतं भरणार. इथे १० आणि २० हे आकडे गळून पडले. दुकानात किती माणसं आहेत हा प्रश्नच उरला नाही.

तिसरी, कारभार. मंडळावर व्यापाऱ्यांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, सरकारचे एक तृतीयांशाहून जास्त नाहीत. दर वाढवायचा असेल तर ज्यांचा खिसा हलका होणार ते आणि ज्यांचा भरणार ते, दोघे एकाच टेबलाशी.

सवलत दुकानाकडून काढून धंद्याकडे सोपवली, हा या कायद्याचा गाभा. भात बाजारातल्या एकाही गाळ्याला एकट्याने ग्रॅच्युइटी परवडली नसती. सगळ्या गाळ्यांना मिळून ती परवडली. पुढे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत हलला, तेव्हा कामगारांची नोंद त्यांच्याबरोबर हलली. कोपरखैरणे, घणसोलीत माथाड्यांची घरं झाली. आमचं घर त्यातलंच. ज्या टेबलावर मी हे टाइप करतोय, त्या टेबलाखालची फरशी आबांच्या ग्रॅच्युइटीतून बसवलेली आहे.

विम्याशिवायची सवलत

पुण्यात हीच लढाई थोड्या वेगळ्या वाटेने गेली. डॉ. बाबा आढावांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. माथाडी मंडळ तिथेही आलं, पण पंचायतीने आणखी एक काम केलं. हमालाच्या रोजच्या खर्चात सगळ्यात मोठी गळती कुठे आहे ते पाहिलं. एक गळती जेवणात होती. म्हणून १९७४ साली 'कष्टाची भाकर' हे केंद्र सुरू झालं: ना नफा ना तोटा तत्त्वावर स्वस्त, पोटभर जेवण. दुसरी गळती सावकाराच्या व्याजात होती, त्यासाठी पतसंस्था.

सवलत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विम्याचं कार्डच येतं. पण अडीनडीला वाजवी व्याजाने मिळणारं कर्ज आणि दुपारचं नीट जेवण यांचा तब्येतीशी संबंध कार्डापेक्षा कमी नाही. आणि लहान धंद्यांना एकत्र येऊन करायला या गोष्टी विम्यापेक्षा सोप्या आहेत, कारण त्यात मोठी जोखीम नसते, नेटका हिशेब लागतो.

तडे

ही गोष्ट इथे थांबवली तर ती भाबडी होईल. माथाडी कायद्याच्या नावावर खंडणी मागणाऱ्या टोळ्याही निघाल्या. काम न करता पैसे मागणारे बोगस माथाडी ही कारखानदारांची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. दुसऱ्या बाजूला, लेव्ही चुकवायला मजुरी परस्पर हातात देणारे व्यापारी आहेत, नोंदणी न झालेले हमाल आहेत. २०२३ साली सरकारने कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं तेव्हा खंडणी थांबवायच्या नावाखाली कायद्याचा कणाच काढून घेतला जातोय, म्हणून माथाडी रस्त्यावर उतरले. नव्वदी पार केलेले बाबा आढावही त्या विरोधात होते.

विडी कामगारांची गोष्ट आणखी शिकवणारी आहे. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. त्यांना फाटक नाही, हजेरी नाही. १९७६ साली विड्यांच्या उत्पादनावर उपकर बसवून त्यांच्यासाठी कल्याण निधी उभा केला गेला. त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरांना मदत मिळाली. कल्पना तीच: मालक सापडत नसेल तर मालावर वसूल करा. २०१७ साली जीएसटी आला आणि त्याबरोबर हा उपकर गेला. तेव्हापासून त्या योजनांना सरकारच्या बजेटकडे तोंड करून बसावं लागतं. फंडाचा स्वतःचा झरा आटला की तो हक्क राहत नाही, मेहेरबानी होते.

तरीही ही कल्पना मेली नाही. १९८१ साली महाराष्ट्राने खासगी सुरक्षारक्षकांसाठी असंच मंडळ केलं. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी बांधकामाच्या खर्चावर उपकर आला. आणि २०२३ साली राजस्थानने गिग कामगारांसाठी कायदा केला: ॲपवरच्या व्यवहारामागे ठरावीक टक्के कल्याण शुल्क आणि कामगाराची नोंद मंडळाकडे. पाठीवर लाल-केशरी पिशवी घेऊन फिरणाऱ्या मुलाला विचारा, तुझा मालक कोण? त्याचं उत्तर आबांच्या उत्तराहून फार वेगळं नसेल. त्याला ऑर्डर देणारं ॲप म्हणतं, तो आमचा पार्टनर. मुकादमही साधारण असंच म्हणायचा.

आपल्यासाठी

मग आमच्यासारख्या आठ-नऊ जणांच्या कंपन्यांनी काय करायचं? सामाजिक सुरक्षा संहितेत १०पेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला, मालक आणि बहुसंख्य कर्मचारी राजी असतील तर, स्वेच्छेने ईएसआयमध्ये येण्याची सोय आहे. पगाराच्या मर्यादेत बसणाऱ्यांसाठी, म्हणजे गॅरेज, सलून, छोटी हॉटेलं, छपाईची दुकानं यांच्यासाठी, आज तरी याहून स्वस्त काही नाही. त्यात घरच्यांचे उपचारही येतात.

मर्यादेबाहेरच्यांसाठी समूह विमा आहे, पण तिथे एक मेख आहे. केवळ विमा स्वस्त मिळावा म्हणून जमवलेला समूह नियमात बसत नाही. दुसऱ्या कामासाठी आधीपासून उभी असलेली संघटना मात्र चालते: व्यापारी मंडळ, पतसंस्था, व्यावसायिकांची संघटना. म्हणजे कायदा आपल्याला न बोलता सांगतोय की आधी एकत्र या, विम्याचं नंतर बघू. दाणा बंदरातही क्रम तोच होता. आधी संघटना, मग कायदा, मग मंडळ, मग ग्रॅच्युइटी.

आमच्या पिढीला हा क्रम अवघड जातो. ज्या इमारतीत आमचं ऑफिस आहे, तिथे आमच्यासारख्या आणखी कितीतरी कंपन्या आहेत. लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांकडे बघून हसतो आणि आपापल्या मजल्यावर उतरतो. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत असणार. एकेका मजल्याला ते कधीच परवडणार नाही. अख्ख्या इमारतीला, अख्ख्या रस्त्याला परवडेल का, हे अजून कुणी मोजलेलं नाही, कारण मोजायचं तर आधी दुसऱ्या मजल्याचं दार वाजवावं लागेल. आबांच्या टोळीत कुणाला प्रोबॅबिलिटी येत नव्हती. दार वाजवायचं मात्र त्यांना ठाऊक होतं.